खाडीपलीकडचं नाणं

"फक्त एका रोलमध्ये घालायचं, अरुण. आणि कागद पुन्हा नीट दुमडायचा. त्यांना संशय आला तर सगळंच मुसळ केरात."

मालिनीने टिश्यूत गुंडाळलेलं नाणं गाडीच्या खिडकीतून अरुणच्या हातात दिलं. अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसांच्या गल्लीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं, तरी दोघं कुजबुजत होते.

"वहिनी, एकनाथला कळलं ना, तर तो मला माझ्याच गाडीतून खाली उतरवेल."

"तुम्ही सांगितलं नाहीत तर नाही कळणार."

अरुणने नाणं खिशात टाकलं. गाडी वळणाआड गेली तरी मालिनी तिथेच उभी राहिली. तिने आयुष्यभर डॉक्टरकी केली, पण पेशंटलाही कधी खोटा धीर दिला नव्हता. आणि आता नवऱ्यालाच फसवायला निघाली होती.

एकनाथ मूळचा कऱ्हाडचा. लहानपणी पोलिओने डावा पाय लुळा केला, तो कायमचाच. इंजिनीयरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुट्ट्या पैशांत त्याला एक डाइम मिळाला. दहा सेंटांचं नाणं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यावरचा चेहरा कोणाचा, म्हणून त्याने रूममेटला विचारलं. रूझवेल्ट, रूममेट म्हणाला. त्यांनाही पोलिओ झाला होता. आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं, तरी देश चालवला. पोलिओच्या फंडासाठी लोकांनी पाकिटांतून डाइम पाठवले, म्हणून ते गेल्यावर त्यांचा चेहरा डाइमवरच आला.

त्या दिवसापासून एकनाथ तेच नाणं जमवू लागला. प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं. नियम एकच. विकत घ्यायचं नाही.

"विकत काय, कोणीही घेईल," तो म्हणायचा. "ते आपल्याकडे चालत आलं पाहिजे."

म्हणून बँकेतून कागदात घट्ट गुंडाळलेले डाइमचे रोल आणायचे, उलगडायचे, एकेक नाणं बघायचं आणि उरलेली परत करायची. असं करत अल्बम भरत गेला. रिकामी राहिली एकच जागा. साल एकोणीसशे एकोणपन्नास, टांकसाळ सॅन फ्रान्सिस्को. मशालीच्या डावीकडे बारीकसा 'एस'. एकनाथचा जन्मही एकोणपन्नासचाच.

"माझ्या वर्षीचं नाणं," तो हसून सांगायचा, "या खाडीपलीकडेच पाडलेलं. आणि मलाच चुकवतंय!"

या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या हसण्यावर पाणी फिरवलं. नजरेचा मधला भाग झिजत चालला होता. खसखशीएवढी अक्षरं लवकरच भिंगातूनही दिसणार नव्हती. ड्रायव्हिंग बंद झालं, बँकेतून रोल आणायचं काम त्याचा जुना मित्र अरुण याने घेतलं.

"दिवाळीपर्यंत शोधतो," एकनाथ म्हणाला. "मग अल्बम कपाटात."

तो हे इतक्या शांतपणे म्हणाला की मालिनीला राहवेना. मैत्रिणीकडे जाते सांगून ती सॅन होजेच्या नाण्यांच्या प्रदर्शनात गेली. विक्रेत्याने दोन नाणी दाखवली. तिने लखलखीत होतं ते उचललं. एवढी वाट पाहून मळकं कशाला मिळावं?

शुक्रवारी संध्याकाळी रोलची पिशवी दारात होती. मालिनीने ती नेहमीसारखी जेवणाच्या टेबलावर ठेवली.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर एकनाथ खिडकीपाशी बसला. मालिनी समोर गवार मोडायला बसली. एक रोल झाला, दुसरा झाला. सगळी नव्या काळातली, कडेला तांबं दिसणारी नाणी. तिसऱ्या रोलचा कागद इतका घट्ट होता की एकनाथला नखाने फोडावा लागला. अरुणने मन लावून काम केलंय, मालिनीच्या मनात आलं.

नाणी टेबलावर सांडली. त्यातल्या एकाचा आवाज वेगळा आला.

"मालू." एकनाथचा हात थबकला. "चांदीचं आहे. म्हणजे जुनं."

त्याने ते भिंगाखाली धरलं. मान तिरकी करून बघितलं, पुन्हा बघितलं. मग तिच्यापुढे सरकवलं.

"माझा डोळ्यांवर भरवसा नाही. तू वाच."

नाणं चांगलंच झिजलं होतं, काळवंडलंही होतं. अरुणने खरं वाटावं म्हणून घासलेलं दिसतंय, ती मनात म्हणाली.

"एकोणपन्नास."

"उलटं कर. मशालीच्या डावीकडे?"

"एस." तिचा आवाज कापला. त्यासाठी नाटक करावं लागलं नाही.

एकनाथ काठीशिवाय उभा राहिला. टेबल धरून हसला, मग हसता हसता रडला. हर्नडनला राहणाऱ्या लेकीला, सावनीला व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, नो वे! आर यू सीरियस?" ती तिकडून ओरडत होती. एकनाथने अल्बम उघडला, अंगठ्याने नाणं त्या जागेत दाबलं आणि पानावरून हात फिरवला. एकही रिकामी खाच हाताला लागली नाही.

"बघ मालू, विकत नाही घेतलं," तो म्हणाला. "आपणहून आलं. पाय गेला, डोळे चाललेत, पण जिंकलो की नाही?"

"जिंकलात," ती म्हणाली. ही एक गोष्ट मरेपर्यंत पोटात ठेवायची, तिने ठरवून टाकलं. "थांबा, शिरा करते."

ती रवा भाजत असताना फोन वाजला. अरुण होता. तिने किचनचं दार लोटून घेतलं.

"अरुण, काय कमाल केलीत! तुमचे उपकार कसे..."

"वहिनी, लाजवू नका हो, आधी माफ करा," अरुण घाईघाईने म्हणाला. "काल नातवाला अर्जंट केअरला न्यायचं होतं, म्हणून बँकेतले रोल तसेच तुमच्या दारात ठेवून पळालो. तुमचं नाणं अजून माझ्याच खिशात आहे."