न लागलेलं दही

वाटीतलं दही लागलंच नव्हतं. रेणुकाबाईने वाटी कलती केली, तसं दूध पातळच्या पातळ काठावर आलं.

तिच्या हातचं दही लागलं नाही, असं वांकिडीत कधी घडलं नव्हतं. अर्धं गाव तिच्याकडून विरजण नेई. ब्याण्णव सालचा वैशाख चालू होता, म्हणजे थंडीवर ढकलायचीही सोय नव्हती. शेजारच्या गाडग्यात तेच दूध, तेच विरजण, आणि दही असं घट्ट की गाडगं उलटं केलं तरी सांडू नये.

फरक एवढाच, की वाटीतलं दूध काल संध्याकाळी नातीने न पिता ठेवलेलं होतं. टाकवेना, म्हणून रेणुकाबाईने त्यालाही विरजण लावलं होतं.

नात चंपा अडीच वर्षांची होती आणि अजून धड उभी राहत नव्हती. खाल्लेलं अंगी लागेना. कमरेच्या करदोड्याची गाठ वर्षभरात जराही सैल करावी लागली नव्हती. तिच्याआधीचा नातू हगवणीने गेलेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चंपाला पहिल्यांदा जुलाब झाले तेव्हा बाजारातल्या डॉक्टरने जंतू मारायच्या कॅप्सूल दिल्या, आणि जुलाब थांबले. झालं. तेव्हापासून रेणुकाबाई रोज कॅप्सूल फोडून अर्धी भुकटी तिच्या दुधात ढवळत होती. या लेकराच्या पोटात एकही जंतू राहू द्यायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

गेल्या महिन्यात नर्सबाई सांगून गेली होती, "आजी, पोटातले सारेच जंतू वाईट नसतेत. दुधाले विरजण लागते, तसे लेकरू वाढाले काही चांगले जंतू लागतेत. हे औषध त्याइलेबी मारते."

रेणुकाबाई तेव्हा पोट धरून हसली होती. विरजणातलं आता ही कालची पोर तिला शिकवणार होती.

आज तिला हसू येईना. पलीकडे चंपा भिंतीला टेकून बसली होती. गालावर माशी बसली तरी हात उचलत नव्हती.

सून रुख्मिणी चुलीपासून उठून आली आणि वाटीत डोकावली.

"आत्याबाई, इरजन टाकाले इसरल्या काय?"

"इरजन टाकलं होतं, माय," रेणुकाबाई म्हणाली. "औषधबी रोज मीच टाकलं."