हसरं डोकं

“गेनबेई, डोकं पुन्हा बदला!” प्रकाशक दारातूनच ओरडला. “पहिला नट परत आलाय. नाटकाची जाहिरात दुपारपर्यंत छापून हवी, नाहीतर दुसरा कोरणारा बघतो.”

म्हाताऱ्या गेनबेईनं छिन्नी आपटली. जपानमधल्या एदो शहरातले नट रोज भांडून नाटक सोडायचे आणि यानं चित्राच्या लाकडी ठशातलं एकाचं डोकं कापून दुसऱ्याचं बसवायचं. “अहो, डोकं कोरायला दोन दिवस लागतात!”

“पहिलं माझ्याकडे आहे, आजोबा,” नात ओफुमी म्हणाली. कापलेली डोकी तिच्या बाहुल्या व्हायची.

ते डोकं खाचेत नेमकं बसलं. छापून पाहिलं, तर योद्ध्याच्या भूमिकेतला रागीट नट चक्क हसत होता.

“ओफुमी!”

“सारखा चिडलेला असायचा. मी त्याचे ओठ जरा कोरले.”

प्रकाशकानं कपाळावर हात मारून घेतला.

गेनबेईनं कागद उजेडात धरला. दोन वर्षं तो या पोरीला रेघ शिकवत होता, घसा कोरडा करत होता. ओठांची रेघ केसाएवढी बारीक होती आणि कुठंही तुटली नव्हती.

“अशीच छापू,” तो म्हणाला. “आणि पुढचं डोकं हिच्याकडून कोरून घ्या. माझं फिरलंय.”