भट्टीवरचं विज्ञान

अलकेत, म्हणजे अतिलघुकथेत, शेवटी कुणीतरी रडायला हवं म्हणतात, म्हणून ही मी लिहिणारच नव्हतो.

बेकरीवाला यंदा पुन्हा दहावीला बसला होता. मैदा मळता मळता त्याचा कारागीर दोस्त, चष्मिष, त्याला विज्ञान शिकवायचा.

"पेशीला ताकद पुरवणारी तंतुकणिका म्हणजे?"

"आपली भट्टी."

"माल बांधून बाहेर धाडणारं गॉल्गी संकुल?"

"पॅकिंगचं टेबल."

"आणि केंद्रक?"

"माझं डोकं! सगळी मापं तिथंच. तुला तरी कुठं सांगितलीत लेका?"

चष्मिष हसला. पुढचा धडा तो कधीचा टाळत होता.

"एका पेशीच्या दोन होतात," तो खाली मान घालून म्हणाला. "तशी... मलाही स्वतःची बेकरी टाकायचीय."

बेकरीवाल्याचे हात मैद्यातच थांबले.

"दोन होताना केंद्रकातलं सगळं निम्मं निम्मं वाटतात का रे?"

"नाही. आधी सगळ्याची नक्कल निघते, मग दोघींना पुरेपूर मिळतं."

बेकरीवाल्याने हातावरचा मैदा चष्मिषच्या गालाला फासला.

"मग गधड्या, घाबरतोस काय? उद्यापासून एकेक माप तुझ्या डोक्यात उतरवतो. तुझी शपथ, चिमूटभरसुद्धा मागे ठेवणार नाही."