सुटली!

एवढं थोरलं मैदान मोकळं पडलेलं आणि हॉकीच्या पोरी एका कोपऱ्यात कोंबलेल्या! गारखेड्याच्या त्या मैदानाच्या कडेला मोटरसायकल लावून साहेबराव बघतच राहिला. लाल प्लास्टिकच्या टोप्या मांडून चौकोन केलेला, आत तीन पोरी इकडून, तीन तिकडून. गोलकीपर नाही, जाळी नाही. दोन टोप्या या टोकाला, दोन त्या टोकाला, की झाला गोल.

"मॅडम, ही हॉकी हाय व्हय? आमचं खळं याच्याहून मोठं असतंय."

मनस्विनी मॅडम हसल्या. साहेबरावाहून बऱ्याच लहान, पण पोरींच्या कोच. "काका, अकरा-अकरा जणी मोठ्या मैदानावर उतरल्या की एकेकीच्या वाट्याला बॉल येतो कितीसा? इथं येतच राहतो. हात त्यानंच बसतो."

"बसू दे बापा. माझ्या तनुजाचा बसला तर ठीक. नायतर आज तिला खुलताबादला घेऊन चाललो मी. खेळ बंद."

हे त्यानं पोरीला सकाळीच फोनवर ऐकवलं होतं. तनुजा आठवीला, इथं आत्याकडं राहून शिकणारी. दोन मॅचला तो मुद्दाम येऊन गेला होता. पोर नुसती पळती, बॉल काय तिच्या स्टिकला लागंना! असल्या खेळापायी घरापासून लांब कशाला ठेवायची? पोर फोनवर रडली. शेवटी म्हणाली, "पप्पा, आजचा दिवस बघा, मग न्या."

म्हणून तो बघत होता.

विशाखानं बॉल सरळ आपल्याच बाजूच्या तनुजाकडं ढकलला. तनुजानं मान वर करून बापाकडं पाहिलं आणि बाजूला झाली. बॉल तिच्या पायाजवळून गेला तो थेट त्यांच्याच दोन टोप्यांच्या मधून. गोल.

"अगं, झोपलीस का?" विशाखा ओरडली.

पुन्हा बॉल आला, पुन्हा तेच. आधी बापाकडं बघायचं, मग बाजूला व्हायचं. त्यानंतर विशाखा बॉल प्रेरणालाच द्यायला लागली. त्या तिघींत तनुजा एकटी पडली. इकडून तिकडं धावायची, कुणी तिच्याकडं बघेना.

"बघितलं?" साहेबराव म्हणाला. "खेळ नाय तिच्यात. उगं कशाला..." आपली पोर अशी एकटी पडलेली बघून त्यानं मान फिरवली.

मॅडमनी शिट्टी मारली. चौकोनात गेल्या आणि टोप्या उचलून आणखी आत सरकवल्या.

"अरे देवा, अजून लहान!"

परत येऊन मॅडम त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. "काका, ती घाबरत नाही हो. घाबरलेली पोर डोळे मिटते, अंग चोरते. ही बेतानं बाजूला होते. मोठ्या मैदानावर मला हे कळलंच नाही. काय पळतेस गं, म्हणून मीच शाबासकी देत बसले. इथं पळून जायला जागा नाही, म्हणून दिसलं. हे तिला शिकवलं कुणी?"

साहेबरावाचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडं गेला.

दिवाळीच्या आधी बॉल उसळून तनुजाच्या तोंडावर बसला होता. पुढचा दात अर्धा गेला. दवाखान्याच्या बाकड्यावर रक्तानं भिजलेला रुमाल हातात धरून त्यानंच तिला सांगितलं होतं, "खेळायचं तर खेळ बाई. पण बॉल आला की बाजूला व्हायचं. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला." तिच्या हाताची चिमूट आपल्या गळ्याला लावून शपथ घातली होती. तो तर विसरूनही गेला होता!

पोर विसरली नव्हती. शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली त्याचं काय होतं, हे तिला आज्जीनं लहानपणीच सांगून ठेवलेलं होतं.

"आयला!" साहेबराव स्वतःशीच म्हणाला. "मीच की तो येडा."

चौकोनात बॉल पुन्हा तनुजाच्या दिशेनं यायला निघाला होता. तिची मान वर झाली.

"तनुजा! सुटली!" साहेबराव गळ्याच्या शिरा ताणून ओरडला. "शपथ सुटली गं! सुटली, सुटली, सुटली!"

सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या. प्रेरणा फिदीफिदी हसली. मॅडमना काही समजेना. तनुजानं मात्र गुडघे वाकवले, स्टिक जमिनीला टेकवली.

टक्.

बॉल स्टिकला लागून जागीच थांबला. समोर दोन टोप्या, मधे कुणी नाही. नुसतं ढकलायचं राहिलं होतं.

"मार ना!" विशाखा किंचाळली.

तनुजा मारेना. बॉल स्टिकखाली दाबून धरून, श्वास रोखून ती बापाकडं बघत होती. डोक्यापासून पायापर्यंत त्याला निरखत होती.

साहेबरावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे इतके महिने ही पोर दात नव्हती वाचवत. त्यानं दोन्ही हात वर केले, छातीवर थापा मारल्या, जागच्या जागी दोन उड्याही मारल्या.

"अगं, बघतीस काय! धडधाकट हाय मी! मार!"