पानापानावर घाम

आम्हा बव्हेरियातल्या शिकाऱ्यांत हरणाच्या रक्ताला रक्त म्हणत नाहीत, घाम म्हणतात. चुकून कुणाच्या तोंडून 'रक्त' गेलं, की त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. हा दंड सगळ्यांत जास्त वेळा वसूल केलाय तो आमच्या आउमायर मास्तरांनी.

त्या सकाळी त्यांचाच फोन आला. "वाल्ली, कुत्री घेऊन ये. हरीण पळालं, पण गोळी बसलीय. पानापानावर घाम आहे!"

मी झेंटाला घेऊन गेले. मास्तर टोपी पार भुवयांपर्यंत ओढून, छाती काढून उभे होते. हरीण जिथे उभं होतं तिथे पाचोळ्यावर लाल थेंब होते खरे. झेंटाने ते हुंगले. जंगलाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही; थेंबांच्या मागे उलट दिशेने मचाणाच्या शिडीपर्यंत गेली, परत आली आणि मास्तरांच्या बुटांपाशी बसली.

"म्हातारी झाली गं तुझी कुत्री."

"मास्तर, टोपी काढा बघू."

"अगं, आधी हरीण तर सापडू दे, मग खोव टोपीत शिकार साधल्याची मानाची फांदी," असं लाजत म्हणत त्यांनी टोपी काढली. उजव्या भुवईवर ही एवढी खोक! गोळी झाडताना बंदुकीवरची दुर्बीण आपटली होती आणि उत्साहाच्या भरात गड्याला पत्ताच नव्हता.

"मास्तर, हे रक्त आहे."

"रक्त म्हणालीस! काढ बिअर!"

"हरणाचं असतं तर घामच म्हणाले असते."