दातांतलं पाणी

लहानपणी माणूस कुठल्या नदीचं पाणी प्यायला, ते दातांवरून सांगणारं यंत्र हणमंताच्या हातात होतं. बिरजू गवंड्याच्या तोंडाशी धरताच परक्याची खूण असलेला लाल दिवा लागला आणि बाजूला उभ्या किसनच्या हातोड्याने त्याचे पुढचे दात पाडले.

"अप्पा, सोडा त्यांना," म्हणत हणमंताची लेक मुक्ता मध्ये घुसली. यंत्र तिच्या तोंडासमोर आलं. पुन्हा लाल.

हणमंताने यंत्र झटकन मागे घेतलं. पोरगी जन्मली त्याच साली गावची नदी आटली होती.

"अरे, नळाला परराज्यातलं पाणी येतं. पोरगी माझीच आहे."

"यंत्र चुकत नाही, तूच म्हणतोस ना? बाजूला हो," किसन म्हणाला. हातोड्यावरचं रक्त अजून ओलं होतं.

गर्दीतल्या बायांनी आपापल्या लेकरांची तोंडं पदराखाली घट्ट दाबली.