वऱ्हाडातला निकाल

रुपचंद वकिलांनी भर कोर्टात मासिक उघडलं, आणि गिरधर वकील हातातले कागद सोडून तिकडे बघू लागले. निळ्या कव्हरचा तो अंक त्यांनी लांबूनच ओळखला. बाप चुकार पोराला पाठमोरा ओळखतो, तसा.

वकिलांसाठी निघणाऱ्या त्या मासिकात गिरधर वकील दरमहा लेख लिहीत. धुळ्यापासून जळगावपर्यंत सगळ्या बाररूममध्ये त्या लेखांचा दबदबा. मूळ निकाल काढून बघायचे कष्ट कोण घेतो? गिरधररावांनी लिहिलंय ना, मग असणारच, अशी वकिलांची रीत पडून गेली होती.

आणि हा लेख त्र्याऐंशी सालचा. थोरलीच्या लग्नाची धांदल, त्यात लेख अर्धं पान कमी पडलेला, संपादकांची तार आलेली. गिरधररावांनी बसल्या बैठकीला एक निकाल पाडून टाकला. वऱ्हाडातल्या एका न्यायालयाचा म्हणून. शेजारधर्माने शेतातून जाऊ दिलेली वाट कितीही वर्षं वापरली तरी हक्काची होत नाही, असा. वादी खोटा, प्रतिवादी खोटा, बांध खोटा, बांधावरची बैलगाडीसुद्धा खोटी. लेख छापून आला, वाहवा झाली, आणि पाच वर्षांत गिरधरराव तो उद्योग विसरूनही गेले.

आता तोच निकाल त्यांच्याच अशिलावर चालून आला होता.

अशील म्हणजे पारोळ्याकडची भिकुबाई. तिच्या वावराला तिन्ही अंगांनी नाला. गाडी जायची ती सासऱ्यांच्या काळापासून शेजारच्या लोटनच्या बांधावरून. यंदा लोटनने तिथे काट्या टाकल्या. पहिल्या भेटीत भिकुबाईने एवढंच विचारलं होतं, "वाट गयी ते वावर काय डोकावर लई फिरसू, भाऊ?"

लोटनचे वकील रुपचंदराव आज भलतेच रंगात होते. नुसता लेख नव्हे, तर मूळ निकालही आपण जळगावच्या ग्रंथालयात बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. केवढा हा खोटारडा, असं गिरधररावांच्या मनात आलं आणि त्यांचे स्वतःचेच कान तापले. तसं म्हणायला त्यांना तोंड कुठे होतं?

न्यायाधीश साहेब निवृत्तीला टेकलेले, वऱ्हाडातून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मूळ प्रत मागितलीच नाही. डोळे मिटले आणि रुपचंदरावांनी वाचून दाखवलेल्या ओळीच्या पुढचं वाक्य घडाघडा पाठ म्हणून दाखवलं. मग डोळे उघडून गिरधररावांकडे पाहिलं.

"एवढा मोठा निकाल, आणि तो देणाऱ्याचं नाव तुम्ही लेखात का घातलं नाही हो?"

"जागा पुरली नाही, साहेब."

साहेब गालातल्या गालात हसले. गिरधररावांना जमीन दुभंगावी असं झालं. वऱ्हाडातला माणूस, त्याला तिथलं सगळं ठाऊक. याने आपल्याला पुरतं पकडलंय आणि मांजर उंदराला खेळवतं तसा खेळवतोय. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीनंतर हुकूम सांगतो म्हणून काम थांबवलं.

बाहेर लिंबाखाली भिकुबाई फडक्यातली भाकरी सोडून बसली होती. आतलं इंग्रजी-मराठी तिला काही उमगलं नव्हतं, पण गिरधररावांचं नाव दोनदा घेतलेलं तिने ऐकलं होतं. अर्धी भाकरी पुढे करत ती म्हणाली, "तुमनं नाव लिधं साहेबनी. आते आपली जीत शे."

गिरधररावांनी भाकरी हातात घेतली. आपण गप्प राहिलो तर हिची वाट जाते. बोललो तर आपली तीस वर्षांची वकिली जाते, आणि उद्या बाररूममध्ये पोरंसोरं तोंडावर हसतात. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि रुपचंदरावांना गाठलं. चालू कामात दुसऱ्या बाजूला वगळून एकट्याने साहेबांच्या दालनात जायचं नाही, एवढी लाज त्यांनी अजून राखली होती.

दालनात गेल्यावर त्यांनी खुर्चीला हातही लावला नाही. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. असा खटला झाला नाही, असा निकाल कोणी दिला नाही, पान भरायला आपण तो रचला. माफी मागायची लायकी नाही, पण त्या बाईला त्याची शिक्षा नको.

रुपचंदराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"खोटा? गिरधरराव, शुद्धीवर आहात ना? तो निकाल माझा आहे. अकोल्याला असताना मी दिलेला. तिथल्या निरोप समारंभात सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं."

गिरधररावांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा रुपचंदरावांकडे. मग खिडकीबाहेर, लिंबाखाली. आता तर मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. तरी ते खालमानेनेच म्हणाले, "चुकलो, साहेब. मग तुम्हाला आठवतच असेल. त्याचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी माझ्या लेखात राहून गेला. वावराला दुसरी वाटच नसेल, तर दिलेली वाट मोडता येणार नाही, असा."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, मग डोळ्यांवर चढवला.

"आठवतो की. सबंध निकालात तोच तर मला सगळ्यात आवडतो. काय रुपचंदराव?"

"हो साहेब," रुपचंदराव म्हणाले. "वाचला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं."